मुरणं आणि शिळं होणं : शातो लातूर, वाइनची समीक्षा आणि तळघरातला काळ

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून वाक्यं फारशी बदललेली नाहीत. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न उत्तरांसह दिले आहेत.)



आजच्या विषयात लातूर आहे, पण ते आपलं लातूर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो शहर आहे. त्याच्या उत्तरेला जिरोंद नावाची रुंद खाडी समुद्राकडे जाते. खाडीच्या डाव्या काठाला मेदोक हा पट्टा, त्यात पोइयाक नावाचं गाव, आणि त्या गावाच्या दक्षिण टोकाला शातो लातूर. शातो म्हणजे शब्दशः गढी किंवा वाडा. पण बोर्दोत द्राक्षमळा, वाइन तयार करायची जागा आणि त्या वाइनचं नाव ह्या सगळ्याला मिळून शातो म्हणतात. 'ला तूर' म्हणजे बुरूज. मळ्यात आज एक गोल बुरूज दिसतो, तो मुळात कबुतरखाना आहे. असो.

ह्या मळ्याचा जुना गाभा साधारण ४७ हेक्टरांचा. वर जाड खडे, खाली चिकणमाती. मुख्य द्राक्ष काबर्ने सोव्हिन्याँ, जोडीला थोडी मर्लो. आणि ह्या वाइनची ख्याती अशी की ती तरुणपणी पिऊ नये. तिचे चाहतेच तसं सांगतात. चांगल्या वर्षाची असेल तर पंधरा-वीस वर्षं थांबा, म्हणतात. १९६१ सालच्या लातूरचं कौतुक तर पन्नास वर्षांनंतरही चालू होतं.

आता अडचण बघा. वीस वर्षांनी जी चांगली होणार आहे, तिची परीक्षा बोर्दोत कधी होते? ती सहा महिन्यांची असताना. त्याच वेळी गुण मिळतात आणि त्या गुणांवर किंमत ठरते.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं. उंची लाल वाइनची समीक्षा ही बरीचशी भविष्यवाणी असते. भविष्यवाणीला आकडा लावला की ती निकालासारखी दिसायला लागते. तळघर ही ती भविष्यवाणी तपासायची जागा होती, बाजाराने तिची तिजोरी केली. तुमच्यापैकी जे वाइन पीत नाहीत, त्यांनीही ऐकायला हरकत नाही. अपुऱ्या वस्तूबद्दल पुरा निकाल देण्याची सवय आपल्याकडे काही फक्त वाइनपुरती नाही.

बाटलीत नेमकं काय होतं?

मराठीत दोन क्रियापदं आहेत. लोणचं मुरतं. भात शिळा होतो. दोन्हींत काळच जातो, पण एकात काहीतरी मिळतं आणि दुसऱ्यात काहीतरी जातं. वाइनच्या बाबतीतला सगळा वाद ह्या दोन क्रियापदांमधला आहे.

लोणच्याचा दाखला फार ताणू नका. तिथे मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि खार सुटतो. वाइनमध्ये आंबण्याचं काम बाटली भरण्याच्या बरंच आधी संपलेलं असतं. मग आत काय चालू असतं?

काबर्नेचा दाणा लहान, साल जाड. रसाच्या मानाने साल आणि बी जास्त. रंग सालीतून येतो, टॅनिन सालीतून आणि बियांतून. टॅनिन म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं. कोऱ्या चहात असतात, सुपारीत असतात, कच्च्या केळ्यात असतात. ती लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात. लाळेचा निसरडेपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटते. आधुनिक शास्त्र तुरटपणाला मूळ चवींत धरत नाही, ती स्पर्शाची संवेदना मानतं. आपल्या षड्रसांत मात्र कषाय हा स्वतंत्र रस आहे. कोणाचं वर्गीकरण बरोबर ते सोडून देऊ. पण जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी होते हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे, त्याचं लाल वाइन समजून घेण्याचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

बाटलीत ही टॅनिनं आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात. मोठे रेणू होतात, त्यातले काही गाळ होऊन तळाशी बसतात. रंग जांभळट लालवरून माणकासारखा होतो, मग विटकरीकडे झुकतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो. त्याच्या जागी देवदाराचं लाकूड, तंबाखूचं पान, कातडं, पावसाळ्यात रानात कुजणारा पाला अशा वासांच्या छटा येतात. बुचातून प्राणवायू आत जातो तो अगदी थोडा, वर्षाला मिलिग्रॅमच्या हिशेबात. एवढा थोडका प्राणवायू वाइनला मुरवतो. तोच जास्त झाला की कापून ठेवलेलं सफरचंद काळवंडतं तशी वाइन शिळी होते.

आणि खरी मेख पुढे आहे. टॅनिन मऊ होईपर्यंत फळाची चव शिल्लक राहायला हवी. ही शर्यत आहे. फळ आधी संपलं तर हाती उरतो नुसता तुरटपणा, म्हणजे सालीचा काढा. सहा महिन्यांच्या वाइनकडे बघून ही शर्यत कोण जिंकणार ते सांगायचं, हे समीक्षकाचं काम.

चाखायचं कसं?

वाइन चाखणं ही काही गूढ विद्या नाही. पेला एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि कडेचा रंग बघा, मधला नको. कडेला जांभळी झाक असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर वय झालेली किंवा लवकर म्हातारी झालेली. मग न हलवता एकदा वास घ्या. पेला गोल फिरवून पुन्हा घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बुरशी धरलेल्या गोणपाटासारखा वास आला तर बूच खराब आहे. ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं द्रव्य त्याला कारणीभूत असतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. मग घोट घ्या, तोंडात फिरवा, आणि चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा. आंबटपणा किती? तुरटपणा किती, आणि तो रेशमासारखा की काथ्यासारखा? फळ किती? आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ टिकते?

बोर्दोचे एमील पेनो ह्या विषयातले फार मोठे शिक्षक. चाखण्याच्या शास्त्रावर त्यांनी १९८० साली आख्खं पुस्तक लिहिलं. द्राक्षं पिकल्यावरच तोडा, टाक्यांचं तापमान सांभाळा, कमी प्रतीचे पिंप मुख्य वाइनमध्ये घालू नका, हे बोर्दोतल्या मळ्यांना पटवण्यात त्यांचा मोठा वाटा. अशा माणसांनी चाखण्याला शिस्त दिली.

पण शब्दांचं काय? पोइयाकच्या वाइनबद्दल हमखास 'कासिस' म्हणतात, म्हणजे काळा करंट. आपल्यापैकी किती जणांनी तो खाल्लाय? मग आपण ते टिपण वाचतो आणि मान डोलावतो. जवळचा दाखला म्हणून जांभूळ चालेल, पण ते काळा करंट नव्हे हेही लक्षात ठेवायचं. दुसरा नेहमीचा शब्द म्हणजे पेन्सिलीची साल. हा मात्र आपल्याला लगेच कळतो, शाळेतल्या कंपासपेटीचा वास. माझं म्हणणं असं की टिपण मराठीत लिहायचं तर परक्या फळांची यादी उतरवून घेऊ नका. तुरट, आंबट, खरखरीत, गुळगुळीत, पातळ, दाट, रेंगाळणारी ही आपली विशेषणं भक्कम आहेत. वासाचे दाखले माणसागणिक बदलतात, वाइनची बांधणी त्या मानाने कमी बदलते.

आणि डोळा नाकाला फसवतो, हेही धरून चाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्याच एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली होती, पण वास नसलेला लाल रंग घालून. वास सांगताना त्यांनी लाल वाइनचे शब्द वापरले. ह्यावरून सगळे जाणकार ढोंगी, असा निष्कर्ष काढतात तो मला उथळ वाटतो. प्रयोग एवढंच सांगतो की आपण नुसत्या नाकाने वास घेत नाही. रंग, लेबल, किंमत, शेजारच्याचं मत ही सगळी मंडळी पेल्यात उतरलेली असतात.

एप्रिलमधली परीक्षा

आता त्या परीक्षेकडे. मेदोकमध्ये तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. हिवाळ्यात मिश्रण ठरतं. वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात जाते, तिथे ती बहुधा दीडेक वर्ष राहते. पण मार्चअखेर-एप्रिलमध्येच जगभरचे व्यापारी आणि समीक्षक बोर्दोत जमतात आणि पिंपातले नमुने चाखतात. ह्या पद्धतीला 'आँ प्रिमर' म्हणतात. त्यानंतर किंमत जाहीर होते, गिऱ्हाईक पैसे भरतं, आणि बाटली हातात येते दीड-दोन वर्षांनी.

म्हणजे चाखली जाते ती अजून पुरी न झालेली वाइन. नमुना मळ्यानेच काढून दिलेला. तो पिंपातून बाहेर आला की लवकर बदलतो. समीक्षक दिवसाला असे डझनावारी नमुने चाखतो, तुरटपणा जिभेवर साठत जातो. आणि शेजारी जेवण नाही! पोइयाकचं कोवळं कोकरू प्रसिद्ध आहे. त्या मटणाबरोबर प्यायची ही वाइन, आणि तिची परीक्षा मात्र रांगेत उभं करून, कोरड्या तोंडाने. अशा रांगेत कोणती वाइन उठून दिसेल? जी गडद, गोडसर, मऊ, पहिल्याच घोटात बोलकी. जी अबोल आहे ती मागे पडेल.

ह्या परीक्षेला गुणपत्रिका दिली रॉबर्ट पार्कर ह्यांनी. अमेरिकेतल्या मेरीलँडचे हे वकील. १९७८ साली त्यांनी स्वतःचं वाइनपत्र सुरू केलं. जाहिराती नाहीत, व्यापाऱ्यांशी लागेबांधे नाहीत, गिऱ्हाइकाची बाजू घेणारा माणूस. हे त्यांचं मोठेपण नाकारता येत नाही. त्यांच्या आधी वाइनवर लिहिणारे बरेच जण वाइनच्या धंद्यातलेच होते.

पार्करांनी शंभर गुणांची पद्धत लोकप्रिय केली. तिची फोड फार बोलकी आहे. ५० गुण हजेरीचे, ते सगळ्यांना. रंगरूपाला ५. वासाला १५. चव आणि रेंगाळण्याला २०. आणि उरलेले १० एकंदर दर्जाला आणि पुढे खुलण्याच्या शक्यतेला. म्हणजे खरी परीक्षा ५० गुणांची, आणि त्यातल्या दहांमध्ये भविष्य मिसळलेलं. सोळा वर्षांच्या गायकाला, तो साठीत कसा गाईल ह्याचे गुण आत्ताच देऊन टाकण्यासारखं हे आहे. द्यायला हरकत नाही, पण ते वेगळे दाखवा ना! आपल्याला दहावी-बारावीच्या टक्क्यांची सवय आहे, म्हणून हा धोका आपल्याला लवकर कळायला हवा. ९४ आणि ९६ ह्यांत दोन गुणांचा फरक दिसतो. त्यात जिभेचा फरक किती आणि अंदाजाचा किती, हे आकडा सांगत नाही.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की पिंपातल्या नमुन्यांना पार्कर एक ठाम आकडा देत नसत. '९२ ते ९४' असा टप्पा देत. तो प्रामाणिकपणाच होता. पण दुकानाच्या पाटीवर टप्प्यातला वरचा आकडाच मोठ्या अक्षरात झळकतो.

परीक्षा बदलली की अभ्यासक्रमही बदलतो, हे शिक्षकांना सांगायला नको. गेल्या चाळीसेक वर्षांत बोर्दोच्या लाल वाइन जास्त पिकल्या द्राक्षांच्या, जास्त मद्यार्काच्या, तरुणपणीच मऊ लागणाऱ्या होत गेल्या. तापते उन्हाळे हे त्याचं एक कारण, पेनो ह्यांच्यासारख्यांनी शिकवलेली सुधारणा हे दुसरं. पण एप्रिलमध्ये आवडायची घाई हे तिसरं कारण आहे असं मला वाटतं.

भाकितं तपासली तेव्हा

तळघरात भाकितांचा हिशेब होतो. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं १९७५. त्याआधीची तीन वर्षं बोर्दोला वाईट गेलेली, बाजारही पडलेला. १९७५ची वाइन गडद आणि जबर तुरट. टॅनिन भरपूर म्हणजे आयुष्य भरपूर, ह्या हिशेबाने तिला दीर्घायुष्याचा आशीर्वाद मिळाला. लोकांनी वाट पाहिली. काही वाइन खरंच सुरेख झाल्या, पण पुष्कळ ठिकाणी तुरटपणा हटलाच नाही आणि फळ मात्र संपून गेलं. मुरण्याची वाट पाहता पाहता वाइन शिळी झाली.

दुसरं १९८२. ही वाइन पिकलेली, भरदार, सुरुवातीपासूनच गोड वाटणारी. पार्करांनी तिला जोरात उचलून धरलं. दुसरे काही समीक्षक म्हणाले, आंबटपणा कमी आहे, ही टिकायची नाही. इथे पार्कर बरोबर निघाले. १९८२ची लातूर अनेक दशकं टिकली, नुसती टिकली नाही तर वाढली. दोन्ही वर्षं शेजारी ठेवा. आधी लोक म्हणाले तुरट आहे म्हणून टिकेल, मग म्हणाले मऊ आहे म्हणून टिकणार नाही. एकच नियम, आणि तो दोन्ही वेळा चुकला. नियमच अपुरा होता. कारण टिकायला नुसतं टॅनिन पुरत नाही, सगळ्याचा तोल लागतो.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर ह्या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये डोळस लोकांची आंधळी परीक्षा घेतली. दहा लाल वाइन, चार बोर्दोच्या, सहा कॅलिफोर्नियाच्या. लेबलं झाकलेली, निकालात धरलेले नऊही परीक्षक फ्रेंच. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३. दुसरी मूताँ-रोथ्शिल्ड १९७०. फ्रान्समध्ये त्यावर एक उत्तर वारंवार दिलं गेलं. आमची वाइन अजून लहान आहे, वीस-तीस वर्षांनी बघा, तुमची तोवर संपलेली असेल.

उत्तर रास्त होतं, कारण ते तपासता येत होतं. २००६ साली, बरोबर तीस वर्षांनी, लंडन आणि नापा इथे त्याच वाइन पुन्हा चाखल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला गेले. पहिली आली रिज माँटे बेलो १९७१, जी १९७६ मध्ये पाचवी होती. मूताँ सहावी. ह्यावरून कॅलिफोर्निया श्रेष्ठ, असं मी म्हणत नाही. दहा वाइनच्या सरासरीवर देशांची श्रेष्ठता ठरत नसते. पण 'त्या टिकणार नाहीत' हे भाकीत मात्र नापास झालं, आणि ते जाहीरपणे नापास झालं. वाइनच्या समीक्षेत हे फार क्वचित घडतं. एप्रिलचे आकडे वर्तमानपत्रांत येतात. वीस वर्षांनंतरची फेरतपासणी वाचणारे मूठभर.

तळघर की तिजोरी?

जुन्या काळी निकाल हळू लागायचा, हेही खरं. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात बोर्दोच्या दलालांनी मुख्यतः मेदोकच्या मळ्यांची पाच श्रेणींत यादी केली. आधार कुठला? अनेक वर्षांच्या बाजारभावांचा. लातूर तेव्हा पहिल्या श्रेणीत बसली, लाफित, मार्गो आणि ओ-ब्रियाँ ह्यांच्या जोडीला. ही यादी म्हणजे अनेक दशकांच्या पिणाऱ्यांची सरासरी होती, त्यामुळे तिच्यात शहाणपण होतं. पण नंतर ती गोठली. लगेचच झालेली शातो कांतमेर्लची भर सोडली तर महत्त्वाचा बदल एकच, १९७३ साली मूताँला मिळालेली बढती. बरं, श्रेणी मिळते ती शातोच्या नावाला, जमिनीच्या तुकड्याला नाही. मालक बदलला, मळा वाढला, तरी श्रेणी तीच. सावकाश दिलेला निकालसुद्धा पुन्हा उघडला नाही तर शिळा होतो.

आणि किंमत एका मर्यादेपलीकडे गेली की वाइन चाखलीच जात नाही. १९८५ साली लंडनच्या लिलावात १७८७ सालची म्हणून लाफितची एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली. तिच्यावर थॉमस जेफरसन ह्यांच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली होती. ती खरंच जेफरसन ह्यांची होती का, ह्यावर पुढे मोठा वाद झाला आणि अभ्यासकांनी शंका घेतल्या. पण मला तिचं पुढचं वागणं जास्त बोलकं वाटतं. ती न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनात ठेवली होती. दिव्यांच्या उष्णतेने बूच आक्रसलं आणि सरकून आत वाइनमध्ये पडलं. जगातली तेव्हाची सगळ्यात महाग बाटली, आणि तिचं काय झालं? कोणी न चाखताच संपली. मुरलीही नाही आणि प्यायलीही गेली नाही. तळघराची तिजोरी झाल्यावर असंच व्हायचं.

आता लातूरकडे परत येऊ. हा मळा १९९३ पासून फ्रेंच उद्योगपती फ्रान्स्वा पिनो ह्यांच्या मालकीचा आहे. एप्रिल २०१२ मध्ये लातूरने जाहीर केलं की २०११चं साल शेवटचं, ह्यापुढे आम्ही आँ प्रिमर विक्री करणार नाही. वाइन आमच्याच तळघरात ठेवू आणि आमच्या मते ती पिण्याजोगी व्हायला लागली की बाजारात आणू.

वरवर बघता माझ्या तक्रारीवरचा हा उताराच. बाटली एका जागेवर, एका तापमानात, हात न बदलता राहिली. खोट्या बाटल्यांच्या जमान्यात ही खात्री लहान नाही. 'तयार झाल्यावर देऊ' ही भूमिका वाइनकार म्हणून सन्मानाची आहे.

पण दुसरी बाजूही बघा. आँ प्रिमरमध्ये, निदान तत्त्वतः, साधा नोकरदार माणूस कमी भावात चार बाटल्या घेऊन, स्वतः वीस वर्षं थांबून, उत्तम वाइन पिऊ शकायचा. पैशाच्या जागी तो धीर मोजायचा. लातूरने थांबण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि थांबण्याची किंमतही स्वतःकडे घेतली. आता धीर धरण्याने काही वाचत नाही, कारण धीर आधीच किमतीत धरलेला असतो. आणि वसंत ऋतूत समीक्षक आजही मळ्यात जाऊन नवी वाइन चाखतात, आकडे आजही छापले जातात. विक्री थांबली, भविष्यवाणी थांबली नाही.

म्हणून माझा निर्णय असा : लातूरने केलं ते वाइनच्या हिताचं आहे, पिणाऱ्याच्या हिताचं अर्धंच आहे, आणि समीक्षेची अडचण तिने सोडवलेली नाही. ती समीक्षकांनीच सोडवायची आहे. तीन साध्या गोष्टी करता येतील. आज काय चाखलं आणि उद्याबद्दल काय वाटतं, हे वेगवेगळं लिहा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत प्यावी ह्याचा अंदाज आकड्याच्या वर छापा, खाली नको. आणि दहा वर्षांनी तीच वाइन पुन्हा चाखून जुनं टिपण शेजारी ठेवा. तिसरी गोष्ट काही समीक्षक करतात. ती अपवाद न राहता नियम झाली, तर ह्या लेखनाला समीक्षा म्हणायला माझी हरकत नाही.

तुम्हा-आम्हाला हे करायला लातूरची गरज नाही, तिची किंमत परवडणार कोणाला? पण मेदोकमधल्या एखाद्या साध्या मळ्याच्या तीन सारख्या बाटल्या घ्या. एक आज उघडा, एक तीन वर्षांनी, एक सहा वर्षांनी. प्रत्येक वेळी चार ओळी लिहा, आणि आधीच्या ओळी न वाचता लिहा. शेवटी तिन्ही कागद शेजारी ठेवा. वाइनबद्दल तर कळेलच, स्वतःच्या जिभेबद्दल जास्त कळेल.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : परीक्षकांनाच एकमत होता येत नसेल तर गुणांना काही अर्थ आहे का?

उत्तर : आहे, पण सांगतात तेवढा नाही. रॉबर्ट हॉजसन ह्या अभ्यासकाने कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत हे मोजलं. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. परीक्षकांना तीसेक वाइनच्या रांगेत एकच वाइन, त्याच बाटलीतली, तीन वेळा दिली गेली. तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या पातळीत ठेवणारे परीक्षक साधारण दहा टक्केच निघाले. म्हणजे दोन परीक्षकांचं सोडा, एका परीक्षकाचं स्वतःशीही एकमत होत नाही. म्हणून एका माणसाचा एक आकडा घेऊ नका. अनेकांची टिपणं वाचा आणि त्यातली बांधणीची विशेषणं जुळतात का ते बघा.

प्रश्न : आमच्या घरी तळघर नाही. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असतं. बाटली ठेवायची कुठे?

उत्तर : खरं सांगायचं तर जास्त दिवस ठेवूच नका. लाल वाइनला १२ ते १४ अंश, अंधार, साधारण ७० टक्के आर्द्रता आणि स्थिर तापमान लागतं. बाटली आडवी हवी, म्हणजे बूच ओलं राहतं. पूर्वी आपल्याकडे धान्यासाठी जमिनीत पेव असायचं. तत्त्व तेच, जमिनीखाली ऊन पोचत नाही. फ्लॅटमध्ये ते जमत नाही. वाइनसाठीचं वेगळं शीतकपाट मिळतं, ते असेल तर उत्तम. नसेल तर उन्हाळ्यापुरता साधा फ्रिज चालेल. तो वाइनला जास्त थंड आणि कोरडा पडतो, म्हणून वर्षानुवर्षं नको, पण मे महिन्यातल्या माळ्यापेक्षा शंभर पटीने बरा. आणि विकत घेताना दुकानदाराने बाटली उन्हाच्या खिडकीत मांडली असेल तर ती घेऊ नका, मग साल कितीही मोठं असो.

प्रश्न : मग आपली नाशिकची लाल वाइन मुरवावी का?

उत्तर : बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांत प्याव्यात म्हणूनच केलेल्या असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपलं हवामान वेगळं आहे. इथे वेल हिवाळ्यात झोपत नाही, वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, ऊन चढत असताना होते. काही मळे ओकमध्ये ठेवलेली, जास्त भरदार वाइन करतात, ती आणखी काही वर्षं ठेवून बघण्याजोगी असते. पोइयाकसारखी शतकाची नोंद आपल्याजवळ नाही. ती कोणी बाहेरून आणून देणार नाही, बाटल्या नीट ठेवून आणि टिपणं लिहून ती आपणच करायची आहे.